बटणांनी मोजलेली अक्षरं

आमच्या छापखान्यात तिला सगळे चिमटा म्हणायचे. जुळवलेल्या ओळीतून चुकीचा खिळा उपटायला जुळाऱ्याकडे एक बारीक चिमटा असतो. ती तशीच होती, अंगानं काटकुळी आणि एकदा धरलं की न सोडणारी. मी तिथं प्रुफं वाचायचो. सतरा वर्षं ती माझ्या टेबलासमोर उभी राहून शिशाचे खिळे जुळवत होती आणि सतरा वर्षं मी तिच्या चुका शोधत होतो. तिच्या वाट्याची प्रुफं आली की माझी अक्षरशः उपासमार व्हायची.

खिळे जुळवणं म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. एक खिळा म्हणजे एक अक्षर, नाहीतर एक काना, एक मात्रा. हे खिळे एका उथळ लाकडी पेटीत, वेगवेगळ्या खणांत ठेवलेले असतात. सगळे खण सारखे नसतात. काना सगळ्यांत जास्त लागतो, म्हणून त्याचा खण तळहाताएवढा आणि अगदी हाताशी. र, त, न, क यांचे खणही ऐसपैस. ढ आणि झ कडेला. ङ बिचारा कोपऱ्यात, वर्षभर धूळ खात. कुठलं अक्षर किती खपतं हे जुळाऱ्याला कुणी शिकवत नाही. ते त्याच्या हाताला माहीत असतं.

मग संगणक आले. मालकांनी खिळे मोडीत काढले, आणि आम्हा सगळ्यांना निरोपाचा चहा पाजून मोकळं केलं. जाताना चिमटानं एक रिकामी पेटी मागून घेतली. "काय करणार हिचं?" मी विचारलं. "बघू. बटणं ठेवीन," ती म्हणाली.

बटणं, कारण तिच्या सासूबाईंचं शिवणकामाचं दुकान होतं. गल्लीत सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणायचे. पन्नास वर्षं त्यांनी बायकांचे आणि पोरींचे कपडे शिवले, आणि नुसत्या नजरेनं माप सांगावं अशी त्यांची ख्याती. नाव मास्तरीणबाई, पण सही करायची वेळ आली की अंगठा पुढे. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. टेपवरचे आकडे तेवढे यायचे.

छापखाना बंद झाल्यावर चिमटा त्यांच्या दुकानात काजं-बटणं करायला बसू लागली. दोघींचं बोलणं कामापुरतं. सासूबाई फटकळ, सून हट्टी. भांडण नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं.

अशी चार वर्षं गेली आणि एका सकाळी मास्तरीणबाई कापड बेतता बेतता टेबलावर कोसळल्या. अर्धांगवायूचा झटका. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ, तिन्ही गेली. इस्पितळात त्या शुद्धीवर आल्या, पण तोंडातून नुसता घोगरा आवाज निघायचा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "जीव वाचला. बोलणं परत येईल असं वाटत नाही. समजतं किती, ते मात्र आत्ताच सांगता येणार नाही."

किती समजतं ते कळत नाही म्हटल्यावर माणसं काय करतात, तर मोठ्यानं बोलतात. वायरमन असलेला धाकटा मुलगा, म्हणजे चिमटाचा नवरा, कानाशी वाकून ओरडायचा, "आई, मी आलोय. ओळखलं का?" बंदरावरच्या गोदामात कारकून असलेला थोरला दोन दिवसांचा प्रवास करून आला, तो त्याच्याहून मोठ्यानं ओरडला. शेजारणी ओरडल्या. चिमटासुद्धा ओरडली. मास्तरीणबाई डोळे मिटून घ्यायच्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हातानं परिचारिकेच्या खिशातली पेन्सिल ओढली. कागद दिला तर त्यावर वेड्यावाकड्या खुणा काढल्या: तिरक्या रेघा, फुल्या, हुकासारखी वळणं. सगळ्यांच्या तोंडासमोर तो कागद धरला. कुणाला काही उमगेना. चौथ्या, पाचव्या, सहाव्या दिवशी पुन्हा तेच. चिमटानं घरातून मुळाक्षरांचा तक्ता आणला. "आई, बोट ठेवा. काय हवंय?" त्यांनी तक्त्याकडे पाहिलं आणि तो हातानं दूर ढकलला. सातव्या दिवशी त्यांनी पेन्सिल भिंतीवर फेकली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. त्यानंतर कितीही कागद पुढे केले तरी त्यांनी हात उचलला नाही.

थोरल्यानं सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्याचे डोळे सुजलेले होते.

"डोक्यावर परिणाम झालाय. हे असं गिरबटणं आपण किती दिवस बघायचं?" तो म्हणाला. "माझ्या गावाजवळ अशा रुग्णांसाठी एक चांगली संस्था आहे. चोवीस तास माणसं असतात. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो. दुकान बंद करू, ती जागा सोडून देऊ."

नवऱ्यानं मान खाली घातली. थोरल्या भावासमोर तो कधी बोललाच नव्हता. चिमटाच्या हातात सासूबाईंचे ते चार कागद होते. ती ते एकावर एक धरून उजेडाकडे बघत होती.

"भाऊजी, हे गिरबटणं नाही," ती म्हणाली. "चारही कागदांवर तेच आहे. तीच खूण, त्याच जागी."

"अगं, डोकं फिरलेला माणूस एकच गोष्ट शंभरदा करतो."

"करत असेल. पण ओळीत चुकत नाही असं होत नाही. मी सतरा वर्षं ओळी जुळवल्यात. चार वेळा न चुकता तीच ओळ काढायची, तर ती ओळ माणसाच्या डोक्यात असावी लागते."

थोरल्यानं उसासा टाकला. "रविवारपर्यंत वेळ आहे," एवढंच म्हणाला आणि गेला. हातात आठ दिवस होते.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला कागद दाखवला. त्यानं डोकं खाजवलं. "अशा खुणा आई मापांच्या वहीत काढायची. तिच्या तिला कळायच्या. लहानपणी आम्ही विचारायचो, तर म्हणायची, कोंबडीचे पाय आहेत, जा खेळा."

ती त्याच पावली दुकानात गेली. कपाटाच्या वरच्या फळीवर मापांच्या वह्या होत्या, एकोणतीस. एक उघडली. प्रत्येक पानावर दोन-तीन गिऱ्हाइकं, वर खुणांतच नाव, खाली मापं. डावीकडे खुणा, उजवीकडे टेपवरचे आकडे. हे ती चार वर्षं रोज बघत आली होती, पण त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. छातीसाठी एक खूण, कंबरेसाठी दुसरी, असं असतं तर एकेक खूण पुरली असती. इथं प्रत्येक आकड्याआधी तीन, चार, पाच खुणा होत्या. खुणा वेगवेगळ्या किती, ते तिनं मोजलं. चाळीसच्या आत.

"चाळीसच्या आत," ती मला नंतर सांगत होती, "म्हणजे प्रूफकाका, ती अक्षरं होती. दुसरं काय असणार?"

सासूबाईंना थेट विचारून बघावं म्हणून ती दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेत गेली. "आई, क लिहा बरं. क." भिंतीकडचं तोंड वळलं नाही. जिनं उभा जन्म ही गोष्ट लपवली, ती विचारल्याबरोबर थोडीच सांगणार होती. मग चिमटानं ठरवलं, की सासूबाईंच्या मदतीशिवाय वाचायचं.

तिची रीत साधी होती. छापखान्याची ती रिकामी पेटी तिनं टेबलावर ठेवली. प्रत्येक खणाच्या कडेला खडूनं एकेक खूण काढली. शेजारी दुकानातला बटणांचा डबा. वहीतली दहा-बारा पानं, तीस गिऱ्हाइकं घेतली आणि एकेक खूण वाचत त्या त्या खणात एकेक बटण टाकत गेली. दोन दुपारी त्यात गेल्या. एकदा शेजारीण डोकावली आणि सासू इस्पितळात असताना सून बटणांशी खेळत बसलीय, अशी बातमी गल्लीभर झाली. चिमटानं दार लावून घेतलं.

नऊशे नव्वद बटणं झाली. त्यातली दोनशेच्या वर एकाच खणात, एका तिरक्या टाक्यासारख्या खुणेच्या. बाकीचे खण त्याच्यापुढे पोरसवदा. तिला शंका उरली नाही. पेटीत सगळ्यांत मोठा खण ज्याचा, तोच हा, म्हणजे काना. मुलं घोकतात ना, क ला काना का, तेव्हा काना वेगळा ऐकू येतो. मास्तरीणबाईंनी तो वेगळाच ठेवला होता.

इथवर गाडी सुरळीत चालली. पुढच्या दोन खणांत शंभराच्या आसपास बटणं होती. जुळाऱ्याच्या हिशोबानं ते र आणि त असायला हवेत. तिनं ते बसवले. मग खालोखालचे क, ल, स बसवले. आणि वाचायला गेली तर नुसता कचरा. 'तारता', 'लरकर', असलं काहीतरी. तिनं र आणि त यांची अदलाबदल केली, कचऱ्याचा दुसरा कचरा झाला. दिवसभर खिळे बदलल्यासारखी अक्षरं बदलत राहिली. बुधवार संपला तेव्हा पाटीवर एक शब्द धड नव्हता.

गुरुवारी सकाळी ती माझ्याकडे आली. पेटी रिक्षात घालून, बटणांसकट, प्रत्येक खणावर पुठ्ठा बांधून. तिनं सगळं सांगितलं. मी चष्मा पुसून खण बघितले.

"काना बरोबर आहे," मी म्हणालो. "बाकीचं बरोबर का वाटलं तुला?"

"सतरा वर्षं हेच खण भरले मी. र आणि त नेहमी आधी संपतात."

"नेहमी?"

ती आठवू लागली. मीही आठवत होतो, आणि मला आठवला तो मालकांचा आरडाओरडा. "निवडणुकीच्या वेळी काय संपायचं?"

"म," ती हळूच म्हणाली. "म आणि त. मत, मतदार, मतदान, मतपत्रिका. म पुरेना म्हणून शेजारच्या छापखान्यातून उसना आणला होता."

"आणि कारखान्याचा अहवाल छापला तेव्हा?"

"ख. कारखाना, कारखान्याच्या." तिनं कपाळावर हात मारला. "ही मापांची वही आहे. हिच्यात मापांचीच अक्षरं जास्त असणार. मी पुस्तकाचा हिशोब वर्तमानपत्राला लावत बसले."

त्या दिवशी आम्ही दोघं माझ्या खोलीत जेवण विसरून बसलो. आता तिनं खुणांना अक्षरं लावणं सोडून दिलं. त्याऐवजी प्रत्येक गिऱ्हाइकाखाली पुन्हा पुन्हा येणारे सात शब्द काढून पाटीवर लिहिले. तीसही गिऱ्हाइकांना तेच सात. त्यांत फक्त काना माहीत. बाकी सगळ्या जागा रिकाम्या.

"हे दोन बघा," तिनं बोट ठेवलं. "चार-चार खुणांचे. दोघांतही दुसरा काना. दोघांचा शेवट एकच, आणि तो काना नाही. काहीतरी-काना-काहीतरी-तेच. काका, बायकांच्या मापात असे दोन शब्द कुठले?"

मी विचार करतोय तोवर तिनं उत्तर दिलंसुद्धा. "छाती. आणि बाही." मग आकडे पाहिले. एका शब्दापुढे बत्तीस, चौतीस, छत्तीस. दुसऱ्यापुढे नऊ, दहा, अकरा. छाती ती छाती आणि बाही ती बाही. उलटं लावलं तर माप बसतच नव्हतं. शंभराच्या आसपास असलेला एक खण म्हणजे वेलांटी निघाली, र नव्हे.

"खांद्यात काना दोनदा येतो," ती म्हणाली. पाच खुणांचा एक शब्द होता, दुसरी आणि पाचवी जागा कान्याची. पुढे चौदा, पंधरा. खांदा. पण मधे एक खूण जास्त होती. अनुस्वार असेल म्हणून तिनं तो अनुस्वार मानला, आणि मग कंबर शोधायला गेली तर तिथं अनुस्वाराच्या जागी भलतीच खूण. पुन्हा सगळं अडलं. तासभर आम्ही त्या एका खुणेभोवती फिरत होतो. मुद्रितशोधकाचं डोकं शुद्धलेखनापलीकडे जात नाही, हे मी कबूल करतो. मला काही सुचलं नाही.

सुचलं ते तिला. ती शब्द पुटपुटत होती. "खांदा. खांदा. कंबर." मग थांबून म्हणाली, "काका, डोळे मिटा आणि ऐका. खानदा. कमबर. आईंनी अक्षर कधी बघितलंच नाही. त्यांनी ऐकलंय फक्त. कानानं लिहिलंय हे."

तसं धरलं आणि गाठ सुटली. खानदा, उनची, मुनढा. तिन्हींत तोच न, म्हणून त्याचा खण शंभराच्या घरात. कमबर मधून क, म, ब, र एकदम हाती आले. त्यातला ब बाहीच्या ब शी जुळला. शेवटी गळा. संध्याकाळपर्यंत सातही शब्द उभे राहिले आणि चाळीसपैकी अठरा खुणा वाचता येऊ लागल्या. मी चहा ठेवला. ती चहाकडे बघेना. तिनं पिशवीतून इस्पितळातला तो कागद काढला.

ओळीत चार शब्द होते. तिनं ओळखीची अक्षरं खाली लिहिली. दुसरा शब्द सबंध वाचता आला, 'नका'. चार दिवस बाई काहीतरी नको म्हणत होती.

"काय नको?" मी विचारलं.

पहिल्या शब्दात चार खुणा. दुसरी र, शेवटची मुंढ्यातला उकार. काहीतरी-र-काहीतरी-ऊ नका. "करू नका नाही. ते तीनच खुणांचं. घाबरू नाही." तिसरा शब्दही त्याच उकारावर संपत होता, त्याच्या आधी क. चौथ्याच्या शेवटी त. ती ओठ हलवत शब्द लावून बघत होती, आणि मग तिचे ओठ थांबले.

"ओरडू नका," ती म्हणाली. "ऐकू येतं."

तिनं कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि तोंडावर ओंजळ धरली. रडत होती की हसत होती, ते मला कळलं नाही. बहुतेक तिलाही नसावं.

"भाऊजी संस्थेबद्दल बोलले तेव्हा व्हरांड्याकडचं दार उघडंच होतं," थोड्या वेळानं ती म्हणाली. "सगळं ऐकलंय त्यांनी."

शुक्रवारी भेटीच्या वेळेला ती एकटी गेली. मास्तरीणबाई भिंतीकडे तोंड करून होत्या. ती बोलली नाही. रात्री तिनं हाती आलेली अक्षरं जोडून एक वाक्य बसवून ठेवलं होतं. तेच तिनं कागदावर, सासूबाईंच्या खुणांत, मोठं करून लिहिलं आणि कागद भिंत आणि त्यांचा चेहरा यांच्यामध्ये धरला. लिहिलं होतं, 'मी ओरडत नाही.'

मग त्या म्हाताऱ्या डाव्या हाताचं बोट कागदावर आलं आणि एकेका खुणेवरून सरकत गेलं. बोट ड वर थांबलं. मास्तरीणबाईंनी मान वळवली. उभ्या जन्मात दुसऱ्या कुणाच्या हातून त्यांनी आपलं अक्षर पाहिलं नव्हतं. सुनेकडे त्या अशा बघत होत्या, की जणू ती आत्ताच दारातून घरात आली आहे. मग हात पुढे केला. चिमटानं पेन्सिल दिली. त्यांनी आधी ड ची खूण दुरुस्त केली, तिचा एक पाय राहिला होता. खाली एक ओळ लिहिली. त्यात चार खुणा नव्या होत्या, पण अंदाजानं लागत गेलं. 'तू पण ओरडत होतीस.'

"हो," चिमटा हळू आवाजात म्हणाली. "चुकलं माझं."

अर्ध्या चेहऱ्यानं मास्तरीणबाई हसल्या. पुढचा तासभर दोघी लिहीत होत्या. एकेक अक्षर चिमटा तोंडानं म्हणायची आणि सासूबाई त्याची खूण काढून द्यायच्या. आता लपवायला काही उरलं नव्हतं. तेव्हा कुठं कळलं, की क म्हणजे कात्री, दोन रेघांची फुली. ब म्हणजे बटण. स म्हणजे सुई. घाईत लिहून लिहून झिजलेली, पण मुळात तीच. चिमटा मला म्हणाली, "तोंडासमोर कात्री होती आणि मी नऊशे नव्वद बटणं मोजली." मी म्हणालो, उत्तर कळल्यावर सगळंच सोपं असतं.

रविवारी थोरला गाडी घेऊन आला. व्हरांड्यात चिमटानं त्याला सगळं सांगितलं, कागद दाखवले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझ्या मनात काळंबेरं नाही हे मला माहीत आहे," तो म्हणाला. "पण तुझी इच्छा आहे ती बरी व्हावी, म्हणून तुला दिसतंय. तूच लिहितेस, तूच वाचतेस. ध चा मा कधी होईल ते तुलाही कळायचं नाही."

"मग तुम्ही एकटे आत जा. असं काहीतरी विचारा, जे मला माहीत नाही. ह्यांनाही माहीत नाही. उत्तर लिहून आणा, मी इथं वाचते. चुकलं तर आईंना घेऊन जा. मी आडवी येणार नाही."

नवरा पहिल्यांदाच बोलला. "दादा, जा तू."

थोरला आत गेला. चिमटा बाकावर बसली. मला तिनं सांगितलं की त्या वेळात तिच्या मनात एकच भीती होती, नवं अक्षर आलं तर. बारा अक्षरं अजून तिनं वापरून पाहिली नव्हती. दहा मिनिटांनी थोरला बाहेर आला, कागद तिच्या हातात दिला आणि समोर उभा राहिला.

तिनं सगळं एकदा मनात वाचलं, मग मोठ्यानं. "बटण गिळलंच नव्हतं. खिशात होतं. मी सदरा धुतला." आणि वर बघून म्हणाली, "भाऊजी, एवढंच लिहिलंय. मला अर्थ लागत नाही."

थोरला बाकावर बसला. बेचाळीस वर्षांपूर्वी, गणिताच्या परीक्षेच्या सकाळी, त्यानं आईला सांगितलं होतं की आपण बटण गिळलं. दिवसभर तिनं त्याला मांडीवर घेऊन ठेवलं, केळी चारली, दुकान उघडलं नाही. आत जाऊन त्यानं एवढंच विचारलं होतं, की आई, त्या दिवशी काय झालं होतं. त्याला वाटलं होतं, उत्तर येईल बटण गिळल्याचं.

"तिला माहीत होतं," तो म्हणाला. "आणि तरी तिनं दिवसभर..." धाकट्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मग तिघं मिळून आत गेले. थोरल्यानं हलक्या आवाजात विचारलं, "आई, माझ्याकडे येतेस का इथं राहतेस?" मास्तरीणबाईंनी बराच वेळ घेऊन लिहिलं आणि चिमटानं वाचलं: 'चार दिवस येईन पाहुणी. राहीन इथंच. दुकान बंद का आहे?' खाली आणखी एक ओळ होती, ती वाचताना चिमटा अडखळली. 'पायाखालची उशी काढा, टोचते.' उशी काढली. तिच्या शिवणीत एक मोडकी टाचणी होती.

गाडी रिकामी परत गेली.

मास्तरीणबाई त्यानंतर सहा वर्षं जगल्या. दुकान पंधरवड्यात उघडलं. त्या खुर्चीत बसून राहायच्या, मांडीवर पाटी. कामाला ठेवलेल्या कापणारीनं बेत चुकवला की पाटीवर खडू करकरायचा आणि चिमटा वाचून दाखवायची. फटकळपणा अर्धांगवायूनं गेला नव्हता, उलट आता तो लेखी झाला होता. एका लठ्ठ गिऱ्हाइकिणीनं विचारलं, "काय म्हणताहेत मास्तरीणबाई?" चिमटानं पाटीवरचं वाचलं आणि म्हणाली, "म्हणताहेत, कापड थोडं जास्त आणा." पाटीवर बरंच काही होतं.

आपली लिपी कशी झाली, तेही त्यांनी लिहून सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी. त्यांच्या लहानपणी भाऊ ओसरीवर मोठ्यानं बाराखडी घोकायचे आणि ही आत आईजवळ बसून काजं करायची. अक्षरं कानावर पडायची, दिसायची नाहीत. म्हणून प्रत्येक आवाजाला तिनं हाताजवळची वस्तू दिली. नऊ वर्षांची असताना एकदा धीर करून तिनं भावांच्या मास्तरांना आपला कागद दाखवला. मास्तर हसले, भाऊ हसले. कोंबडीचे पाय, असं मास्तर म्हणाले. त्या दिवसापासून कुणाला दाखवलं नाही.

चिमटानं एकदा विचारलं, "आई, आमची अक्षरं शिकवू का? वर्तमानपत्र वाचता येईल." त्यांनी पाटीवर लिहिलं, 'तू वाचून दाखव. मला काम आहे.'

थोरला मात्र शिकला. चिमटानं त्याला सगळ्या खुणांचा तक्ता पाठवला, आणि तो बंदरावरून दर महिन्याला आईला तिच्या लिपीत पत्र धाडू लागला. गोदामातला कारकून, सवय शुद्धलेखनाची. तो जिथं तिथं अनुस्वाराची खूण स्वतःच्या मनानं बनवून घालायचा. मास्तरीणबाई पत्र मांडीवर घ्यायच्या, लाल खडूनं त्याचा प्रत्येक अनुस्वार खोडायच्या, वर न नाहीतर म लिहायच्या आणि ते पत्र परत पाठवायला लावायच्या. मी एकदा दुकानात गेलो असताना असं एक पत्र चिमटा पाकिटात घालत होती. मुद्रितशोधक म्हणून मी ते उजेडात धरून बघितलं. नऊ चुका काढलेल्या होत्या, आणि खाली त्याच लाल खडूनं मोठ्या खुणांत लिहिलं होतं, 'बरं लिहितोस. घाई करू नको.'